उत्पन्नाचा उलटा दाखला

तलाठ्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा नववीत होतो. फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. निघताना वडिलांनी इस्त्रीचा सदरा परत खुंटीला अडकवला आणि कॉलर विरलेला अंगात चढवला. आईने माझे नवे बूट काढायला लावून चपला दिल्या. खोटं काहीच नव्हतं. किराणा दुकानातल्या दिवाणजीचा पगार तो किती असणार? पण जे खरं आहे ते दिसलंही पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

त्याला पन्नास वर्षं झाली. परवा व्हॅलेन्सियात घरातून निघताना बायको म्हणाली, "अहो, तो करडा कोट घाला. आणि बूट पुसा जरा." या खेपेला आमच्याकडे पुरेसं आहे, हे दाखवायचं होतं.

कागदोपत्री मी जर्मन. स्टुटगार्टला नोकरी केली, भारताचा पासपोर्ट जड हाताने परत केला, आणि निवृत्तीनंतर गुडघ्यांच्या सल्ल्याने ऊन असलेल्या देशात, स्पेनला, आलो. युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातल्या दुसऱ्या देशात तीन महिने कोणी काही विचारत नाही. त्यापुढे राहायचं तर नोकरी-धंदा दाखवा, नाहीतर 'पुरेशी साधनं' आणि आरोग्यविमा दाखवा. पाहुण्याचा भार यजमानाच्या सरकारी मदतीवर पडू नये, एवढाच हेतू. पण संघाच्या 2004 सालच्या ज्या निर्देशात हे लिहिलंय, त्यातच असंही लिहिलंय की 'पुरेसं' म्हणजे अमुक युरो असा एकच आकडा कोणत्याही देशाने ठरवायचा नाही. माणसाची परिस्थिती बघायची. मला हे फार आवडलं. आमच्याकडे पंगतीत हेच चालायचं. पुरे म्हणायचं ते जेवणाऱ्याने, आणि पानावर दोन्ही हात आडवे धरल्याशिवाय वाढप्याचा विश्वास बसायचा नाही. इथे मात्र वाढपीच पानात डोकावतो आणि ठरवतो, याचं भरलंय की नाही.

आकडा ठरवायचा नाही म्हटलं तरी खिडकीपलीकडच्या माणसाला काहीतरी माप लागतंच. स्पेनने ही अट 2012 मध्ये लागू केली आणि माप धरलं ते हप्ते न भरलेल्या वृद्धांना सरकार देतं त्या पेन्शनचं. ते दर वर्षी बदलतं. घरात माणसं किती, हेही पाहतात. माझी जर्मन पेन्शन तिथल्या नोकरीच्या वर्षांइतकीच, म्हणजे बेताची. उशिरा गेलो होतो. म्हणून बायकोने साताऱ्याच्या फ्लॅटचं भाडंही कागदावर आणायला लावलं. महिना बारा हजार. रुपयांत तो आकडा कसा भारदस्त वाटतो! युरोत मोजला की एकदम वाळतो, पापड तळायच्या आधी असतो तसा.

पैसा कुठून आला, याला कायद्यात महत्त्व नाही; तो आहे की नाही, याला आहे. हे ठरलं एका तान्ह्या बाळामुळे. ते बेलफास्टला जन्मलं, आणि तेव्हाच्या नियमाने तेवढ्यावर आयर्लंडचं नागरिक झालं. आई चिनी. दोघींना तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये राहायचं होतं. सरकारचं म्हणणं पडलं की बाळाचं स्वतःचं उत्पन्न काय? प्रकरण थेट लक्झेंबर्गला, संघाच्या न्यायालयात गेलं, आणि 2004 मध्ये निकाल लागला की आईचे पैसे चालतील; बाळ राहील आणि बाळाला सांभाळणारी आईही राहील. पाळण्यातून उत्पन्नाचा पुरावा देणारी ती मुलगी आठवली की मला धीर येतो. मला निदान सही तरी करता येते.

परवा आम्ही गेलो ते नोंदणीचं कार्यालय पोलिसांचं. ती पायरी चढताना साताऱ्याचा माणूस अजूनही दबकतो. अर्ज, बँकेत फी भरल्याची पावती, पत्त्याचा दाखला, पेन्शनचं पत्र, विम्याचा कागद, बँकेचा उतारा. जाडजूड फाइल मी दोन्ही हातांनी पुढे केली, सत्यनारायणाचं ताट करतात तशी. खिडकीतल्या बाईंनी पेन्शनच्या पत्रावरून बोट फिरवलं, मग भाड्याच्या कागदाशी थांबल्या. "सातारा?" मी म्हटलं, गाव आहे, डोंगराच्या पायथ्याशी. त्यांनी मान डोलावली. "सुफिसिएन्ते," म्हणाल्या, आणि शिक्का मारला. माझ्या कोटाकडे एकदाही पाहिलं नाही.

हातात आला तो नोंदणीचा हिरवा, पत्त्याच्या पानाएवढा कागद. त्यावर फोटोसुद्धा नाही. बायकोने तो उलटून पाहिला आणि विचारलं, "एवढ्याचसाठी?"

रात्री धाकट्या भावाचा फोन आला. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची सवलत. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, तहसीलदाराचा दाखला काढायचाय. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने आवाज खाली घेतला.

"दादा, फ्लॅटचं ते भाडं... ते सगळं तुझ्याच नावावर आहे ना?"

म्हटलं, "अरे, आजच शिक्का बसलाय."