उल्लंघन नव्हे, प्रदक्षिणा

समुद्रप्रवास करावा की करू नये, या प्रश्नावर धर्मशास्त्रकारांनी इतकी शाई खर्च केली आहे की तेवढ्या शाईवर एखादे लहानसे तारू सहज तरंगावे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन पतनीय कृत्यांत, म्हणजे करणाऱ्याला पतित ठरवणाऱ्या कृत्यांत मोजले. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या आचारांच्या यादीतही समुद्रप्रवास जाऊन बसला. आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतणाऱ्या अनेक मराठी गृहस्थांना बोटीच्या भाड्याबरोबर प्रायश्चित्ताचा खर्चही हिशेबात धरावा लागला. मात्र एवढ्या शास्त्रार्थात एक शक्यता कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मनुष्य सात रात्री समुद्रावर काढील, परंतु समुद्राशी त्याचा बादरायण संबंधापलीकडे संबंध येणार नाही, अशी नौका कोणी बांधल्यास तिच्यावरील प्रवाशाला दोष लागतो की नाही, हा तो प्रश्न होय; आणि २७ जानेवारी २०२४ रोजी ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही नौका अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघाल्यापासून तो केवळ काल्पनिक उरलेला नाही.

फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेली ही नौका सुमारे ३६५ मीटर लांब आणि २० मजले उंच असून प्रत्येक खोलीत दोघेजण धरल्यास तिच्यावर ५,६१० प्रवासी राहतात, कोच उलगडून आणि भिंतीतील फळ्या उघडून मुलाबाळांना निजवल्यास ही संख्या ७,६०० पर्यंत जाते, आणि या सर्वांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी असतात. तिचे सकल टनमान सुमारे २,४८,००० आहे. टायटॅनिकचे ४६,००० च्या घरात होते. टन म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वखारीतील काटा उभा राहतो, परंतु सकल टनमान हे वजन नसून नौकेच्या आतील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेले माप आहे. नौका किती जड आहे हे न सांगता तिच्यात किती मावते एवढेच ते सांगते, आणि आठवडाअखेरीस प्रवाशालाही हेच माप लावणे अधिक सभ्यपणाचे ठरते. नौकेचे नामकरण फुटबॉलपटू लिओनेल मेसी यांच्या हस्ते झाले. त्यांनी एका बैठकीवर चेंडू ठेवताच यंत्राने शॅम्पेनची बाटली नौकेवर आदळून फोडली. नारळ वाढवण्याचाच हा विधी, फक्त प्रसाद वाटता येत नाही.

अशा नौकेसाठी ‘क्रूझ’ हा शब्दच मराठीत रूढ झाला असून प्रवासी बोटीहून तिचे वेगळेपण ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रवासी बोट माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवते; क्रूझ त्याला जिथून उचलते तिथेच आणून सोडते आणि त्याबद्दल जास्त पैसे घेते. या कल्पनेचे बरेचसे श्रेय हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांना दिले जाते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडण्यास प्रवासी मिळेनात, तेव्हा रिकाम्या उभ्या राहणाऱ्या बोटींचे करावे काय, या विवंचनेतून त्यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट हौशी मंडळी भरून भूमध्य समुद्रात फिरवून आणली. त्याहीपूर्वी, १८६७ मध्ये, ‘क्वेकर सिटी’ या बोटीने अमेरिकन पर्यटकांचा एक तांडा युरोप आणि जेरुसलेमकडे गेला होता, आणि त्यात मार्क ट्वेन असल्यामुळे समुद्रपर्यटन व विनोदी प्रवासवर्णन ही दोन्ही भावंडे जवळजवळ एकाच पाळण्यात वाढली. १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाल्यावर पोहोचवणाऱ्या बोटी मागे पडल्या आणि न पोहोचवणाऱ्या टिकल्या, यावरून मनुष्याला पोहोचण्याची कितपत निकड असते याविषयी ज्याने त्याने निष्कर्ष काढावा.

मराठीत जलप्रवासाचे सर्वांत जिव्हाळ्याचे क्रियापद ‘बोट लागणे’ हे आहे. त्याला दोन अर्थ असून एका अर्थाने बोट धक्क्याला लागते आणि दुसऱ्या अर्थाने पोटाला. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या जुन्या आगबोटींवर दुसरा अर्थ पहिल्याच्या पुष्कळ आधी अनुभवास येई. डेकवर सतरंजी पसरून लिंबू हुंगत बसलेल्या चाकरमान्याला समुद्र दिसे, ऐकू येई आणि अंगावरही येई. शिवाय कित्येक बंदरांत बोट दूर उभी राहत असल्याने पडावात, म्हणजे माणसे व सामान किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, पोराबाळांसह उतरावे लागे. ‘आयकॉन’ने समुद्राचा हा परिचय जवळपास संपुष्टात आणला आहे. तिच्या कुशींतून पाण्याखाली माशाच्या परांसारखी पाती बाहेर निघतात, त्यांना स्थिरक म्हणतात. लाट नौकेला एका अंगाला कलवू लागली की ही पाती आपला कोन बदलून तिला सावरून धरतात, त्यामुळे कपातील चहा जितका हलतो त्याहून अधिक पुण्यातील रिक्षात हलतो. वापराचे बहुतेक गोडे पाणीही समुद्राचेच असते, पण ते सूक्ष्म पडद्यांमधून दाबाने गाळून, सारे मीठ काढून घेतल्यावरच त्याला आत प्रवेश मिळतो.

समुद्राची उणीव भासू नये म्हणून आत पर्यायी जलाशयांची तजवीज आहे. पुराणांनी पृथ्वीवर सात समुद्र कल्पिले. या नौकेवर सात तलाव आहेत, त्यांच्या जोडीला सहा पाणघसरगुंड्या, काचेच्या घुमटाखाली ५५ फुटी धबधबा आणि, उष्ण कटिबंधात जात असल्यामुळे बहुधा आवश्यक मानलेले, बर्फावर घसरण्याचे मैदान. मध्यभागी खऱ्या झाडांची ‘सेंट्रल पार्क’ नावाची बाग असून तिच्याभोवतीच्या अनेक खोल्यांचे सज्जे समुद्राकडे न उघडता बागेवर आणि समोरच्यांच्या सज्ज्यांवर उघडतात. चौक, चौकाभोवती मजल्यांवर मजले, आणि समोरच्या बिऱ्हाडात कोण उठले, कोण अजून लोळते आहे याची बसल्या जागी मिळणारी खबर, ही रचना गिरगावात वाढलेल्याला नवी वाटत नाही. सार्वजनिक नळावरचे भांडण तेवढे भाड्यात समाविष्ट नाही. समुद्राचे दर्शन घ्यायचेच असेल तर कमरेला दोर बांधून त्याच्या १५४ फूट वर लोंबकळण्याची सोय एका साहसमार्गावर केलेली आहे, मात्र तिचे शुल्क निराळे.

या जीवनाचा मराठी माणसावरील परिणाम तपासण्यासाठी न्यू जर्सीतील एक कुटुंब नमुन्यादाखल कल्पिता येईल : संगणकाच्या नोकरीतील मुलगा आणि सून, मराठी समजणारी पण उत्तर इंग्रजीतून देणारी दोन नातवंडे, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. आजोबा डॉलरच्या प्रत्येक आकड्याला रुपयाच्या चालू भावाने गुणतात आणि गुणाकार झाल्यावर तहान लागली नसल्याचे जाहीर करतात. परंतु मुख्य भोजनगृहातील जेवण भाड्यातच धरलेले आहे असे कळताच त्यांची अर्थदृष्टी बदलते, कारण ज्याचे पैसे भरून झाले ते न खाणे ही बचत नसून बुडीत खाते होय. या सिद्धान्तानुसार ते दिवसातून तीनदा न्याहारी करतात. आजींनी पिशवीत मेथकूट आणि भडंग आणलेले असते. पहिले दोन दिवस ते परक्या अन्नाला पर्याय म्हणून खाल्ले जाते, तिसऱ्या दिवसापासून चवीला म्हणून, आणि पाचव्या दिवशी पास्त्यावर मेथकूट भुरभुरण्याचा प्रयोग होतो, ज्याची इटालियन विद्वानांना वार्ता लागलेली नाही.

खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी रोज सायंकाळी टॉवेलांच्या घड्या घालून पलंगावर हत्ती, माकड किंवा हंस करून ठेवतो; ही क्रूझवरील लोककला मानली जाते. हत्तीची सोंड इतकी साजिरी असते की आजी तो मोडू देत नाहीत, आणि चौथ्या दिवशी खोलीत प्राणिसंग्रहालय असते पण अंग पुसायला टॉवेल नसतो. टॉवेलाचा दुसरा उपयोग तलावाकाठी दिसतो. उन्हात पहुडण्याच्या खुर्च्या मोक्याच्या जागी नेहमीच अपुऱ्या पडत असल्याने अनेक देशांचे सुसंस्कृत नागरिक पहाटे येऊन त्यांवर टॉवेल टाकतात व पुन्हा जाऊन झोपतात. मालक बराच वेळ न फिरकल्यास कर्मचाऱ्याने टॉवेल उचलावा असा नियम आहे. स्वारगेटच्या स्थानकावर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून पस्तीस वर्षे जागा धरलेल्या आजोबांना या विषयात शिकण्यासारखे काही आढळत नाही. फक्त इथे गाडी सुटत नाही आणि वाहक शिव्या देत नाही, याने त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते.

नौका सुटण्यापूर्वी आणीबाणीचा सराव सक्तीचा असतो. १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या परंपरेतील हा संस्कार आहे. पूर्वी सर्वांना डेकवर रांगेत उभे करीत. आता मोबाइलवर चित्रफीत पाहून नेमून दिलेल्या जागी फक्त तोंड दाखवायचे असते. जीवरक्षक जाकीट कसे बांधावे हे नातवंडे चित्रफितीवरून, आणि आजी नातवंडांकडून शिकतात. आजोबा मात्र ‘वेळ आली की बघू’ या राष्ट्रीय भूमिकेवर ठाम राहतात.

वाटेत बेटे लागतात ती निव्वळ निसर्गप्रेमामुळे नव्हे. नौकेवर बहामाचा ध्वज असतो, कारण नोंदणी तिथली आहे. मालकाच्या देशाऐवजी नियम व कर यांच्या दृष्टीने सोयीच्या देशात केलेल्या अशा नोंदणीला ‘सोयीचा ध्वज’ म्हणतात. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी ध्वजाच्या नौकेला अमेरिकेतील बंदरांदरम्यान प्रवाशांची वाहतूक करता येत नाही, म्हणून शिवाशिवीच्या खेळासारखे कुठले तरी परके बेट शिवून यावे लागते. नौकेच्या मालक कंपनीने ही अडचण बहामातील ‘कोकोके’ या बेटावर स्वतःच्याच करमणुकीची नगरी उभारून सोडवली आहे. सात तलावांची नौका मागे ठेवून प्रवासी चहूबाजूंनी निळ्या समुद्राने वेढलेल्या या बेटावर पाऊल ठेवतो, आणि पाहतो तो समोर गोड्या पाण्याचा एक प्रचंड तलाव.

या साऱ्या मौजेचा खालचा मजला निराळा आहे. अनेक क्रूझ नौकांवर कर्मचाऱ्यांचा मुख्य बोळ ‘आय-९५’ या नावाने ओळखला जातो. हे मूळ नाव मायामीपासून न्यू जर्सीमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गाचे. त्या महामार्गावरील कोंडीला कंटाळून सुट्टी घेतलेला मुलगा, ताटे, चादरी आणि माणसे यांनी वाहणाऱ्या दुसऱ्या आय-९५ च्या डोक्यावर आठवडाभर पाय पसरून असतो. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय श्रमकराराने कामाची कमाल मर्यादा दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तास ठेवली आहे, ज्या आकड्यांकडे पाहून प्रवाशाच्या विश्रांतीचे वजन कळते. जगभरच्या क्रूझवर काम करणाऱ्यांत गोव्याचे ‘तारवटी’, म्हणजे तारवावर नोकरी धरणारे लोक, पूर्वापार आहेत आणि मुंबई-कोकणातील मंडळीही आहेत. वाढप्याच्या छातीवरील पट्टीवर ‘इंडिया’ वाचताच आजी त्याचे गाव, भावंडे आणि लग्न या क्रमाने चौकशी करतात, तो मालवणीत उत्तरतो, आणि त्या रात्री यादीत नसलेला वरणभात टेबलावर येतो. नौकेवर रोव्हर नावाचा कुत्रा ‘मुख्य श्वान अधिकारी’ या पदावर नेमला गेला. कामाच्या तासांविषयी तक्रार करताना तो दिसला नाही.

आता समुद्रोल्लंघनाचा दोष लागतो की नाही, या मूळ प्रश्नाचा निर्णय करता येईल. उल्लंघन म्हणजे ओलांडणे, आणि ओलांडण्यासाठी पलीकडचा तीर असावा लागतो. शनिवारी मायामीहून निघून पुढच्या शनिवारी मायामीलाच लागणाऱ्या प्रवाशाने काहीही ओलांडलेले नसल्यामुळे त्याच्याकडून घडते ती प्रदक्षिणा होय. प्रदक्षिणा घालणारा गाभाऱ्याच्या भिंतीबाहेरून फिरतो आणि त्याला देव दिसत नाही, हे लक्षणही येथे तंतोतंत जुळते. अर्थात दोष नाही आणि प्रायश्चित्तही नाही. सेवकवर्गाच्या बक्षिसीपोटी दररोज दरडोई १८ डॉलरांहून अधिक रक्कम बिलात आपोआप चढते, तिला हवे तर दक्षिणा म्हणावे. समुद्रोल्लंघन करतो तो एकटा मालवणचा वाढपी, जो पुढचे कित्येक महिने घरी परतणार नाही. प्रवासी उतरतात त्याच दुपारी तो नव्या पाच हजारांसाठी नव्या चादरी आणि नव्या बशा मोजू लागतो.

न्यू जर्सीला परतल्यावर पुण्याहून धाकट्या भावाचा फोन येतो. आजोबा तीन न्याहाऱ्या, टॉवेलांचा हत्ती, बर्फाचे मैदान आणि कुत्र्याचा हुद्दा यांचे सविस्तर वर्णन करतात. ‘आणि समुद्र कसा होता, दादा?’ असे विचारल्यावर ते काही क्षण थांबतात, आजींकडे पाहतात, आणि दिवाळीत आल्यावर सगळ्यांनी मिळून दिवेआगरला जाऊ या, असे सांगतात.