इन्फ्रक्चुअस काकाजी

काकाजींच्या तोंडून आजवर कुणी शिवी ऐकलेली नाही. त्यांना गरजच पडत नाही. "इन्फ्रक्चुअस!" एवढं म्हणून ते चष्मा पुसायला घेतात, आणि समोर रद्दीवाला असो की नगरसेवक, आपलं काहीतरी उघडकीला आलं असं त्याला वाटू लागतं.

उभी नोकरी त्यांनी नागपुरातल्या महालेखापालांच्या कार्यालयात काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, काकाजी हा शब्द घेऊन आले. मूळचा लॅटिन, फळाशी नातं सांगणारा. फळांच्या साखरेला फ्रक्टोज म्हणतात, ते याच घराण्यातलं. फळलं नाही ते इन्फ्रक्चुअस. इंग्लंडात हल्ली त्याला फारसं कुणी विचारत नाही, पण आपल्या सरकारी कागदांत त्यानं कायमचं बिऱ्हाड केलंय.

"आपला 'निष्फळ' काय वाईट आहे?" मी एकदा विचारलं.

"निष्फळ म्हटलं की माणूस हळहळतो," काकाजी म्हणाले. "इन्फ्रक्चुअस म्हटलं की खुलासा देतो."

वाया गेलेल्या पैशाच्या जाती त्यांना सोनाराच्या नजरेनं कळतात. करायलाच नको होता, तो खर्च अव्हॉयडेबल. पूल बांधून तयार, पण जोडरस्त्याची जमीनच ताब्यात नाही, तर अनफ्रुटफुल. कारण उद्या रस्ता झाला की फळ लागू शकतं. आणि पूल भलत्याच नाल्यावर बांधला, तर इन्फ्रक्चुअस. प्रत्यक्ष अहवालांत हे शब्द एकमेकांच्या खुर्चीत बसलेलेही सापडतात, पण हे काकाजींसमोर बोलायचं नाही.

काकूंनी ही प्रतवारी घरातच भोगली. मुलानं घेतलेल्या ट्रेडमिलवर आता टॉवेल वाळतात. तो खर्च अनफ्रुटफुल, कारण कुणी सांगावं, एखाद्या दिवशी कुणी धावेलही. जिमची वर्षाची फी मात्र इन्फ्रक्चुअस. काकूंच्या पैठणीला ते एकदाच अव्हॉयडेबल म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तो ऑडिट पॅरा ड्रॉप झाला.

खरी पंचाईत केली ती अंगणातल्या संत्र्यानं. संत्र्यांच्या गावात राहून विकत घेऊन खायची हा खर्च टाळता येण्याजोगा आहे, म्हणून त्यांनी कलम आणून लावलं. चार वर्षं काही नाही. वहीत लाल पेन्सिलीनं नोंद: अनफ्रुटफुल. पाचव्या वर्षी झाड लगडलं. काकाजींनी पहिलं फळ सगळ्यांदेखत सोललं, फोड तोंडात टाकली आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. जंभेरी होती. नागपुरी संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरतात; वरचं कलम केव्हाच मेलं होतं आणि पाच वर्षं काकाजी खुंटालाच पाणी घालत होते. फळ तर लागलेलं, म्हणजे इन्फ्रक्चुअस म्हणता येईना. दोन दिवस ते गप्प होते. मग वहीत नोंद झाली: "मंजूर प्रयोजन सोडून निधी अन्यत्र वळविला." काकूंनी तोवर बरणीभर लोणचं घातलं होतं.

त्यांना जोडीला जोड भेटले ते समोरचे वकीलसाहेब, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाणारे. वस्तीनं वर्गणी काढून बोअर मारली होती. तीनशे फुटांवर धूळ लागली, पाणी नाही. वर्षभरानं बैठक ठरेपर्यंत महापालिकेचं नळाचं पाणी आलं. बैठकीत काकाजी उठले, "बोअर इन्फ्रक्चुअस!" वकीलसाहेब आनंदानं म्हणाले, "अगदी बरोबर, इन्फ्रक्चुअस!" आम्ही टाळ्या वाजवून चिवड्याकडे वळलो. भांडण त्यानंतर सुरू झालं.

कारण कोर्टात हा शब्द फाईल बंद करतो आणि ऑडिटमध्ये उघडतो. झाड तोडू नका म्हणून याचिका केली आणि सुनावणीआधी झाड पडलं, तर याचिका इन्फ्रक्चुअस. जे मागितलं ते आधीच मिळालं, तरीही इन्फ्रक्चुअस. दोष कुणाचा, हा प्रश्नच नाही. आता निकाल देऊन उपयोग उरला नाही, म्हणून निकाली. वकीलसाहेबांचं म्हणणं, पाणी आलं, विषय मिटला. काकाजींचं म्हणणं, पैसे गेले, विषय आत्ता सुरू झाला. शंभर फुटांपुढे जायला मंजुरी कुणाची? पाणी बघणाऱ्याला नारळाव्यतिरिक्त काय दिलं? पावती कुठाय? खजिनदारांचा चिवड्याचा घास घशातच अडकला. तास दीड तास दोघं एकच शब्द एकमेकांवर फेकत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं. इतकं कडाक्याचं एकमत मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद काकाजींनाच वाचायला दिले. दोन दिवसांनी कागद परत आले. सोबत त्यांचा एक कोरा कागद होता, मधोमध उभी घडी घातलेला, अर्धी बाजू माझ्या उत्तरासाठी मोकळी. दुसऱ्या बाजूला लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं:

"लेखासाठी कागद चार. वेळ तीन दिवस. मजकुराचं प्रयोजन दिसून येत नाही. बोअरच्या पावतीचा उल्लेख अपूर्ण. सात दिवसांत खुलासा व्हावा."