थोडासा फेरफार

अप्पांच्या हाती छापील पाककृती पडली की तिने आधी मृत्युपत्र करून ठेवावं. अप्पा ती वरपासून खालपर्यंत वाचतात, चष्मा पुसून पुन्हा वाचतात आणि मग पेन्सिल घेऊन एकेक जिन्नस खोडायला लागतात. खोडलेल्या प्रत्येक जिनसापुढे दुसरा लिहिला जातो. शेवटी त्या कागदावर मूळचं असं मीठ आणि पाणी एवढंच उरतं. पानात वाढताना मात्र अत्यंत निर्विकार चेहऱ्याने सांगतात, "कृती त्यांचीच आहे. थोडासा फेरफार केलाय."

अप्पा राहतात न्यू जर्सीतल्या एडिसनला. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि त्यानंतर जे मराठी इंजिनिअर इकडे आले, त्यांच्यापैकी ते एक. त्या काळी फेरफार ही हौस नव्हती, गरज होती. चक्का मिळत नाही म्हणून सावर क्रीमचं श्रीखंड, खवा नाही म्हणून बिस्क्विक हे पॅनकेकचं तयार पीठ आणि दुधाची पावडर यांचे गुलाबजाम, छेना नाही म्हणून रिकोटा चीजची रसमलाई. अशा जुगाडावर त्या पिढीने दिवाळ्या साजऱ्या केल्या आणि पाहुण्यांनी बोटं चाटली. आता एडिसनच्या ओक ट्री रोडवर अळूपासून मोदकाच्या पिठीपर्यंत सगळं मिळतं. अडचण गेली, सवय तेवढी राहिली. पूर्वी अप्पा अमेरिकन सामानातून मराठी पदार्थ करायचे, आता मराठी सामानातून अमेरिकन पदार्थ करतात. आणि नोव्हेंबर उजाडला की त्यांना टर्की खुणावते.

टर्कीचा सण म्हणजे थँक्सगिव्हिंग, आणि तो असतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. पहिला फेरफार इथेच होतो, कारण घरात काकू, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, आहेत. गुरुवार दत्ताचा. त्यातून २०२२ आणि २०२५ साली तर तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. देवघरात महालक्ष्मीचा घट आणि ओट्यावर बारा पौंडांचा पक्षी उताणा पडलेला, हे काकूंच्या राज्यात होणे नाही. दुसरा कोणी असता तर भांडला असता. अप्पांनी थेट रूझवेल्टचा दाखला काढला. "१९३९ साली दुकानदारांना नाताळच्या विक्रीला जास्त दिवस मिळावेत म्हणून रूझवेल्टने हा सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला. राष्ट्राध्यक्ष सण हलवतो, मग मी हलवला तर काय बिघडलं?" काकूंनी शुक्रवारही दिला नाही (देवीचा) आणि शनिवारही नाही (मारुतीचा). अप्पांची टर्की रविवारी होते. ते टर्कीच्या पथ्यावरच पडतं म्हणा. गोठलेल्या पक्ष्याचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, आणि अमेरिकेतल्या कित्येक घरांत हा हिशेब बुधवारी रात्री आठवतो.

खरा रंग चढतो तो पाल्यापाशी. अमेरिकन टर्कीला सेज, रोझमेरी, थाइम आणि पार्सली हे चार मानकरी लागतात. प्लॅस्टिकच्या डबीत सेजची दहा-बारा पानं घालून दुकानदार तीन-चार डॉलर मागतो, तेव्हा अप्पांच्या आतला सत्तर सालचा माणूस जागा होतो. "एवढ्यात कोथिंबिरीच्या किती जुड्या येतील?" असं कॅशिअरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणून ते बाहेर पडतात.

अप्पांना नुसतं हसून चालत नाही, कारण मधूनच त्यांचं बरोबर येतं. थाइमऐवजी ओवा, हे ऐकून लेकीने कपाळाला हात लावला. पण अप्पांनी तळहातावर ओवा घेतला, अंगठ्याने चुरडला आणि तिच्या नाकाशी धरला. "थायमॉल! थाइममध्येही हेच असतं, ओव्यातही हेच." आणि ते खरं आहे. झाडं दोन वेगळ्या कुळांतली, पण वासाचं मूळ एक. नर्सरीत मार्जोरमचं रोपटं दिसलं तेव्हा त्यांनी पान चोळून बघितलं आणि तिथूनच काकूंना फोन केला, "अगं, वेणीतला मरवा!" टर्कीसाठी इथे जो तयार मसाला मिळतो त्यात बहुधा मार्जोरम असतो, म्हणजे हाही फेरफार शास्त्रात बसणारा. काकू एवढंच म्हणाल्या, "मग पक्ष्याला गजराच माळा."

सेजची पंचाईत झाली होती. अप्पांचा हात कुंडीतल्या तुळशीकडे वळला, पण काकूंनी नुसतं पाहिलं आणि तो मागे आला. मग खिडकीतल्या ओव्याच्या पानांची पाळी आली. जाडसर, लवदार, आपण ज्यांची भजी करतो तीच पानं. इथल्या नर्सरीत हेच झाड क्युबन ओरेगानो म्हणून विकलं जातं. तेही एक वेळ खपलं. रोझमेरीऐवजी मात्र अप्पांनी कढीपत्ता घेतला. का, तर "दोघांनाही काडी असते." या युक्तिवादापुढे वनस्पतिशास्त्र गप्प बसतं. पार्सलीच्या जागी कोथिंबीर, हे एकाच कुळातलं लग्न. पण कोथिंबीर तीन तास भट्टीत घातली तर वास राहत नाही, ती वरूनच भुरभुरायची. अप्पांनी अर्धी जुडी आत कोंबली.

मापांचं तर विचारूच नका. ताजा पाला एक टेबलस्पून सांगितला असेल तर सुका एक टीस्पून घ्यायचा, म्हणजे तिसरा हिस्सा, हा जगभरचा नियम. अप्पांच्या घरी टेबलस्पूनही पोह्याचा चमचा आणि टीस्पूनही पोह्याचा चमचा. ओव्याचा पोह्याचा चमचा टर्कीत पडला, त्या वर्षी जेवल्यावर कोणाला बडीशेप लागली नाही. पोटं मात्र सगळ्यांची हलकी होती.

उरलेल्या फेरफारांतले काही जमून जातात. लोण्याऐवजी तूप लावतात, ते अगदी योग्य, कारण लोण्यातला दुधाचा अंश भट्टीत करपतो, तुपाला ती भीती नाही. मिठाच्या पाण्याऐवजी पक्षी रात्रभर मीठ घातलेल्या ताकात बुडवतात, त्याने मांस मऊ येतं. पोटातल्या पिशवीत मान, काळीज, पेटा निघतो. अमेरिकन माणूस त्याची ग्रेव्ही करतो, अप्पा काळ्या मसाल्याचा रस्सा करतात, आणि पाहुणे टर्की सोडून त्याच्याच मागे लागतात. व्हाइट वाइनऐवजी कोकमाचं आगळ घातलं तेव्हा पक्षी जांभळा झाला, हे सोडून द्या. क्रॅनबेरीचं लोणचं आणि भोपळ्याच्या पायऐवजी घारगे, याबद्दल तर कोणाची तक्रारच नाही. दहातले चार फेरफार असे साधतात, आणि त्या चारांच्या भरवशावर अप्पा उरलेले सहा रेटून नेतात.

बटरबॉल या टर्कीवाल्या कंपनीची एक फोनसेवा १९८१पासून चालू आहे. सणाच्या दिवसांत अडलेली माणसं तिथे फोन करून विचारतात, पक्षी अजून गोठलेलाच आहे, आता काय करू? अप्पांनीही तिथे फोन केला होता. विचारायला नव्हे, सांगायला. ओव्यावर ते बराच वेळ बोलले. पलीकडची बाई फार सभ्य होती म्हणतात.

पण एका रविवारी त्यांनी सगळ्यात मोठा फेरफार केला. कृतीत भट्टी ३२५ अंश फॅरनहाइट आणि वेळ साधारण तीन तास. पाहुणे दीड तासात येणार होते. "तापमान वाढवलं की वेळ कमी, त्रैराशिक आहे," असं म्हणून त्यांनी भट्टी ४७५वर नेली. पाऊण तासात वास सुटला, सव्वा तासात पक्षी बाहेर आला. वरून काळाभोर, तकतकीत. अप्पांनी काकूंची विणायची सुई आत खुपसली, बाहेर काढली, उजेडात धरली. "कोरडी आहे. झालं."

"बाबा, तो केक नाहीये," लेक म्हणाली. तिने ड्रॉवरमधून थर्मामीटर आणला, मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला लागणार नाही असा घातला आणि काटा थांबेपर्यंत हलली नाही. "एकशे बत्तीस. एकशे पासष्ट पाहिजे."

"एकशे पासष्टला दुसरं काही चालत नाही का?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रश्न होता ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

चालत नाही. सेज ही चव आहे, १६५ अंश ही चव नाही. कच्च्या पक्ष्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि तो ना मरव्याला घाबरतो ना ओव्याला, त्याला उष्णताच मारते. फेरफार कुठे खपतो आणि कुठे नाही, याची रेघ इथे पडते. सामान नव्हतं तेव्हा अप्पांच्या पिढीने ती रेघ बरोबर ओळखली होती. श्रीखंडातला चक्का बदलला, पण दूध न तापवता कोणी खीर केली नाही. पुढे सगळं मिळायला लागलं आणि रेघ पुसट झाली. त्या दिवशी अप्पांनी वर अल्युमिनियमची फॉइल घालून टर्की पुन्हा भट्टीत सारली, आणि पाहुण्यांनी तोवर घारग्यांवर भागवलं. जेवताना कोणीतरी कृती मागितली. अप्पा म्हणाले, "छापील आहे, देतो. थोडासा फेरफार आहे त्यात."

असे अप्पा तुमच्याही घरात असतील. त्यांना स्वयंपाकघरात जरूर येऊ द्या, घराला चव त्यांच्यामुळेच असते. तूप बेलाशक लावू द्या, मरवा घालू द्या, ओवा मात्र चिमूटभरच काढून ठेवा. आणि मांडीत १६५ अंश भरल्याशिवाय पक्षी कापू नका. तो थर्मामीटर तुमच्या हातात ठेवा, अप्पांच्या नाही.