आधी दर सांगा, मग ध्यान शिकवा

शेतकऱ्याने ताण कसा घालवावा, यावर सल्ले उदंड झालेत. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, सकारात्मक राहा. श्वासाला माझी ना नाही. सावकाश श्वास सोडला की हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. पण शहादा तालुक्यातला पपईवाला रात्री दोनला टक्क जागा का असतो, हे आधी विचारा.

फळावर पिवळी रेघ उमटली की तोड लांबवता येत नाही. व्यापाऱ्याची गाडी उद्या येणार की परवा, ठाऊक नाही. बाजार समितीतल्या बैठकीत एक दर ठरतो आणि बांधावर दुसराच आकडा ऐकू येतो. मग वाद, मग तोड बंद. फळ मात्र पिकतच राहतं.

२०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक प्रयोग झाला. ४५ जणांना संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही, ते ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तर सगळ्यात जास्त ताण झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना निघाला. झटका बसणारच हे पक्कं असताना त्याहून कमी! मेंदूला वाईट बातमीपेक्षा अधांतरी राहणं जास्त जाचतं.

अशा वेळी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. अंगावर बिबट्या आला तर ते कामाचं. तेच महिनोन्‌महिने चढलेलं राहिलं तर झोप उडते, पचन बिघडतं, साधा हिशेबही डोक्यात राहत नाही. बागेचा खरा निर्णय घ्यायच्या वेळीच डोकं थकलेलं. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

विजेचंही तेच. शेताला पाणी द्यायच्या रात्रीच्या पाळीत लाइट मध्येच गेली, तर पुन्हा कधी येईल हे सांगणारं बहुतेकदा कोणी नसतं. माणूस मोटारीजवळ खाट टाकून पडतो, एक कान स्टार्टरकडे. याला झोप म्हणायचं?

घरातही आपण हेच करतो. पोरगी विचारते, पुढच्या वर्षी नाशिकला शिकायला जाऊ का? बाप म्हणतो, ‘बघू.’ आठ महिने ‘बघू’. अहो, पैसे नसतील तर तसं सांगा. ती रडेल, पण दुसरी वाट शोधायला लागेल.

ज्याला अगदीच सहन होत नाही, त्याने १४४१६ वर फोन करावा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते, आणि मराठीत बोलता येतं. तिथे बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि बाजार समितीने ठरलेला दर रोज फळ्यावर लावावा, तो बांधावर मोडणाऱ्याला जाब विचारावा. महावितरणने लाइट कधी येणार याचा मेसेज दर वेळी धाडावा. दर कमी असेल तर कमी सांगा, पण दिवे लागायच्या आत सांगा.