घरसभा कशी चालवावी: नवख्या गटप्रमुखांसाठी सोप्या सूचना

रविवारची भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून ‘तुमच्या गल्लीतली घरसभा आता तुम्हीच बघा’ असं म्हटलं असेल, तर अभिनंदन. तुमच्यात काही विशेष दिसलं अशा भ्रमात राहू नका. आधीच्या गटप्रमुखाची बदली झाली आहे, एवढंच. बेळगाव-निपाणी पट्ट्यापुरत्या सूचना अशा:

1. थोडा इतिहास माहीत असू द्या. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 साली आले; 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं. मेथडिस्टांचे छोटे गट मात्र त्याहून जुने, आणि ते सुरू झाले कर्जापायी. 1742 साली ब्रिस्टलच्या सभागृहाचं देणं फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढंही झेपेना. तेव्हा तो म्हणाला, अकरा गरीब माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, कमी पडेल ते पदरचं घालीन. असं दारोदार फिरताना कुणाच्या घरात काय चाललंय ते कळू लागलं. मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली यानं नेमकं तेच उचललं.

2. वेळ सातची सांगा. लोक साडेसातला येतील. साडेसातची सांगितलीत, तर आठला येतील. ही तफावत प्रार्थनेनं कमी होत नाही.

3. फराळावर आधीच नियम करा. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी उपीट, तिसऱ्या घरी कुंदा, चौथ्या घरी पुलाव. पाचवं घर म्हणतं, ‘आमच्याकडं पुढच्या महिन्यात बघू की.’ तो पुढचा महिना उजाडत नाही. म्हणून सगळीकडे फक्त चहा. पुलाववाल्यांचा रुसवा आठ दिवसांत जातो. पाचव्या घराचा संकोच वर्षभर राहतो.

4. भाषेवरून भांडू नका. आजी ‘उपासना संगीत’ न उघडताच गातात, सून हुबळीकडची, तिच्या हातात कन्नड बायबल, आणि नातू तेच मराठी गीत मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचतो. वचन आधी आजींना वाचू द्या, मग सुनेला. पाच मिनिटं जास्त जातील. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

5. पाहुण्या वक्त्यावर विसंबू नका, विशेषतः तो कोल्हापूरहून येणार असेल तर. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेपलीकडे जायच्या थांबल्या होत्या. वक्ता सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकला, तरी सभा तुमच्यावरच आहे. दहा मिनिटांचा संदेश तयार ठेवा. दहाच, तुमच्याकडून पंचवीस मिनिटांची अपेक्षा कुणीच केलेली नाही.

6. शेजाऱ्यांना विसरू नका. धर्मांतरबंदीचं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की कुणीतरी आत डोकावतं. दार उघडं ठेवा, ढोलकी बेतानं वाजवा, आणि शेजारच्या काकांना काय चाललंय ते आदल्या दिवशीच सांगा. चहाचा कप त्यांच्याकडेही जाऊ द्या.

7. निपाणीत तंबाखूवर बोलताना जपून. व्यसनावरचा संदेश सोपा असतो, टाळ्याही मिळतात. पण दाराजवळ एक मावशी बसलेल्या असतात, हात पदराखाली. दिवसभर विड्या वळून बोटांना तंबाखूचा वास चिकटलेला. मजुरी हजार विड्यांमागे. तुम्ही दानासाठी पिशवी फिरवता तेव्हा त्यात पहिली नोट त्यांचीच पडते. वेस्लीनं 1744 मध्ये आपल्या लोकांना तंबाखू-तपकीर वर्ज्य सांगितली होती; डॉक्टरनं सांगितली असेल तर मात्र सूट. विड्या वळून पोट भरणाऱ्यांचं काय, हे त्यात नाही. ते तुम्हालाच ठरवायचं आहे. तोवर त्या संदेशाऐवजी मावशींच्या पाठदुखीसाठी प्रार्थना करा, आणि त्यांचं पीएफचं काम अडलंय का ते विचारा.

8. हजेरी आल्या माणसांची घेऊ नका. आलेले दिसतातच. आला नाही त्याचं नाव लिहा आणि दोन दिवसांत त्याच्या घरी जा. ‘सभेला का आला नाहीत?’ असं विचारू नका, तो जाब वाटतो. पाणी मागा, बसा, गप्प राहा. मुलाची नोकरी, थकलेला हप्ता, भावाभावांतलं जमिनीचं भांडण, यांतलं काहीतरी पाण्याच्या तांब्यामागोमाग बाहेर येतं. सभेतल्या विनंत्यांच्या वेळी हीच माणसं ‘सगळं बरं आहे’ म्हणत असतात.

9. वार्षिक अहवालात ‘सरासरी उपस्थिती’ हा रकाना असेल. नऊ असतील तर नऊच लिहा. किती घरांत पाणी प्यायलात, याला रकाना नाही. तो स्वतः आखू नका, वडीलमंडळ विचारात पडेल. आणि काम खरंच जमलं, तर बक्षिसाची तयारी ठेवा: पुढच्या वर्षी तुम्हाला शेजारची गल्लीसुद्धा मिळेल.