टरफलं कोण उचलणार?

अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना नायगारा चुकत नाही, स्वातंत्र्यदेवी चुकत नाही आणि कॉस्को तर अजिबात चुकत नाही. बेसबॉल मात्र त्यांना कोणी दाखवत नाही, कारण वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या यजमानांनाही तो कळलेला नसतो. आमच्या ताईच्या घरात तो फक्त भाच्याला कळतो. वय बारा. त्यामुळे शिकागोतल्या त्या दिवसाची सूत्रं त्याच्या हाती होती आणि आई, बाबा, बायको आणि मी असे चार अडाणी मुकाट त्याच्या मागून चालत होतो.

सकाळी मिलेनियम पार्क. तिथल्या चकचकीत पोलादी शिल्पाचं नाव 'क्लाउड गेट', पण अख्खं शिकागो त्याला 'बीन' म्हणतं. शिल्पकार अनिश कपूर १९५४ साली मुंबईत जन्मले एवढं कळताच बाबांनी शिल्पाचा ताबा घेतला. फोटो काढणाऱ्या अनोळखी माणसांना गाठून ते "बॉम्बे मॅन, बॉम्बे मॅन" असं सांगत सुटले. पोलादाचे १६८ पत्रे जोडून सांधे असे घासले आहेत की शोधूनही सापडत नाहीत. आईने त्यात बघून पदर सारखा केला आणि विचारलं, "हे रोज पुसतं कोण?" बायकोने कपाळाला हात लावला. पण प्रश्न रास्त होता. लोकांच्या हातांचे ठसे उमटतात म्हणून खालचा सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसतात. हे ऐकल्यावर आईच्या मनात अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला.

जवळच आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंद बोलले ती हीच इमारत. दारातल्या ब्राँझच्या सिंहांसमोर बाबांनी बूट काढायचे तेवढे बाकी ठेवले. आत जाणं काही झालं नाही. मॅच १:२० ची होती आणि भाचा सारखा घड्याळ दाखवत होता.

रेड लाइनची गाडी भुयारातून निघते आणि पुढे घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून धावत ॲडिसनला सोडते. समोर रिगली फील्ड. १९१४ चं मैदान, आजूबाजूला भरवस्ती, आणि सीमारेषेच्या विटांच्या भिंतीवर हिरवागार वेल. चेंडू वेलात अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. "म्हणजे झाडात गेला की डबल! आमच्या वाड्यात हाच नियम होता," बाबा म्हणाले, आणि बसण्यापूर्वीच त्यांचा खेळावर विश्वास बसला.

तो लगेच उडालाही. एकाने चेंडू बॅटच्या कडेला लावून पार मागे उडवला, तेव्हा "वा, काय लेट कट!" म्हणून बाबांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. मागे गेलेला चेंडू फाऊल, हे भाच्याने हळूच सांगितलं. मग बाबांची फिर्याद सुरू झाली. सगळेच फुलटॉस, तरी यांना लागत नाहीत! मारला तर बॅट टाकून पळतात! चेंडूला जरा माती लागली की दुसरा घेतात. आमच्याकडे कसोटीत ८० षटकं एकच! दहात तीनदा यशस्वी होणारा फलंदाज इथे थोर समजला जातो हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आमच्या क्लबात सगळेच थोर होते."

बाबांनी आठवडाभर बँक सांभाळली आणि रविवारी क्लबाचं स्कोअरबुक. शेजारी निळ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने काही टिपत आहेत हे त्यांना दिसलं आणि दुपारचा रंगच बदलला. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याला दिला, त्याने फर्स्ट बेसवाल्याला. एका फटक्यात दोघे बाद. गृहस्थांनी लिहिलं ६-४-३. बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक घेऊन परतलेल्याच्या नावापुढे त्यांनी के हे अक्षर उलटं काढलं. त्या उलट्या अक्षराकडे बाबा बराच वेळ बघत राहिले, मग भाच्याला पिटाळून त्यांनी स्वतःसाठी कागद-पेन्सिल आणवली. मोबदल्यात त्यांनी गृहस्थांना कसोटी समजावली. पाच दिवस खेळून निकाल लागत नाही, हे ऐकल्यावर गृहस्थ गप्प झाले आणि त्यांनी आपली शेंगांची पिशवी बाबांपुढे धरली.

शेंगा म्हणजे भाजलेल्या, सालीसकट. टरफलं खुशाल पायाशी टाकायची असा रिवाज. टिळकांच्या गोष्टीतल्या मास्तरांना इथे वेड लागलं असतं. आईने मात्र पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून आपली, आमची आणि शेवटी त्या गृहस्थांचीही टरफलं गोळा केली. पाहुण्या संघाचा होमरन गॅलरीत आला, तेव्हा झेलणाऱ्याने चेंडू परत मैदानात भिरकावला. "बघा, दिला परत. शिस्त आहे," आई म्हणाली. "आजी, तो राग आहे," भाचा म्हणाला. सातव्या डावाच्या मध्यात सगळे उभे राहून गाऊ लागल्यावर आईही हात जोडून उभी राहिली. ते शेंगा आणि क्रॅकर जॅक आणून द्या अशा अर्थाचं गाणं आहे हे तिला सांगायचा धीर कोणालाच झाला नाही.

इथल्या यजमान संघाचा, म्हणजे शिकागो कब्जचा, इतिहास तिला फार पटला. १९४५ साली एका बारमालकाला त्याच्या बोकडासह बाहेर काढलं, त्याने शाप दिला म्हणे. १९०८ नंतर विजेतेपद मिळालं ते थेट २०१६ ला. चेंडूला दुहेरी टाके १०८ आणि वाट पाहिली तीही १०८ वर्षं. "जप पुरा झाला," आई म्हणाली. यावर एकाही अमेरिकन समालोचकाने याहून चांगलं काही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी कब्ज हरले. धावफलकावर निळा झेंडा चढला. गाडीतून जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून तो लावतात.

संध्याकाळी डीप डिश पिझ्झा. भाजायला पाऊण तास. चीज खाली, टोमॅटोचा सॉस वर, आणि उंची ढोकळ्याच्या ताटाएवढी. काट्यासुरीने खायचा. पालकाचा मागवला, एका तुकड्यात बायको गारद, दीड तुकड्यात मी. आईने उरलेला बांधून घेतला. बाबांचं लक्षच नव्हतं, ते कागदावरची बेरीज ताडून पाहत होते. "धावा जुळल्या," असं जाहीर करून मगच त्यांनी काटा उचलला.

तुम्ही जाणार असाल तर दुपारची मॅच घ्या, छपराखालची जागा मागा आणि सकाळी फार खाऊ नका. हॉटडॉगवर केचप मागू नका. शिकागोत त्यावर मोहरी, कांदा, काकडीचं लोणचं, मिरच्या सगळं चालतं, हे एक चालत नाही. आणि सोबत घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस न्याच. नियम कळले नाहीत तरी चालेल, पेन्सिल मात्र विसरू नका.