पद्मिनीचा पंखा

ग्वाल्हेरात मे महिन्यात पंख्याला कोणी विचारत नाही. इथे चालतो तो कूलर, खसच्या ताट्या लावलेला. आणि त्यात दुपारचं पाणी कोणी भरायचं यावरून घरोघरी वाद. छताचा पंखा वरची गरम हवा तेवढी इमानानं खाली आणून देतो. नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की तो बंदच ठेवावा, असं आमच्या लष्कर भागातल्या बऱ्याच जुन्या मंडळींचं मत आहे. अशा गावात मी ऐन उन्हाळ्यात फक्त पंख्याचाच विचार करत बसलो होतो, आणि तोही आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी.

फियाट ११०० या इटालियन गाडीचं हे भारतीय रूप कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई आणि १९७४पासून त्याला पद्मिनी म्हणू लागले. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, आणि इंजिनाच्या नाकावर, पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरच बसवलेला पंखा. पट्टा फिरला की पंप फिरतो, पंप फिरला की पंखा. त्यामुळे शिवपुरीच्या रस्त्यावर गाडी साठनं चालली असताना, समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरत असताना, हा जीव तोडून फिरतो. आणि महाराज बाड्यावर ई-रिक्षांच्या गर्दीत गाडी उभी राहिली, वारा शून्य झाला, की हाही सुस्तावतो. साहेब समोर असले की धावपळ करणारा आणि साहेब उठून गेले की चहाला जाणारा कारकून आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

आता रेडिएटरच्या बाजूनं पाहा. ४६ अंशांची लू आपल्याला भाजून काढते, पण रेडिएटरमधलं पाणी नव्वदच्या घरात असतं. त्याच्या दृष्टीनं ही लू म्हणजे थंड झुळूकच. फक्त झुळकीची किंमत कमी झालेली असते. जानेवारीत पहाटे पारा सहावर असतो, तेव्हा पाणी आणि हवा यांच्यात ८४ अंशांचं अंतर; मे महिन्यात ते ४४वर येतं. उष्णता या अंतराच्या हिशेबानं बाहेर पडते. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळजवळ अर्ध्या ताकदीचा उरतो, आणि उरलेलं काम हवा जास्त ओढूनच भरून काढावं लागतं. उरवाई घाटीनं किल्ल्यावर जाताना, दोन्ही अंगांना तीर्थंकरांच्या शांत मूर्ती आणि मध्ये पहिल्या गिअरमध्ये फुसफुसणारी पद्मिनी, हा हिशेब कागदाशिवाय समजतो.

म्हणून विजेचा पंखा. काकांना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. काका मूळपणाचे कट्टर. ‘कंपनीनं जो पंखा दिला तो विचार करूनच दिला असेल ना रे?’ विचार नक्कीच केला असेल, पण तो इटलीत बसून केलेला.

मिस्त्रींचा पहिला सल्ला ठरलेला होता. ‘भाईसाब, मारुती आठ सौ का पंखा डाल दो, जिंदगी भर चलेगा.’ तांत्रिकदृष्ट्या सल्ल्यात खोट नाही. मारुतीचं इंजिन आडवं बसवलेलं, त्याचं नाक रेडिएटरकडे नसतंच. म्हणून तिला जन्मापासून विजेचा पंखा. पण १९८३च्या डिसेंबरात आलेल्या या गाडीनंच पद्मिनीचं सिंहासन हलवलं, आणि आता तिच्याच पंख्यानं पद्मिनीला वारा घालायचा! काका या प्रस्तावावर दोन घास कमी जेवले.

निवड करताना माणसं आवाज आणि आकार पाहतात. पाहायचं असतं वेगळंच. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसून हवा ओढणारा असावा. पुढे बसून ढकलणाराही मिळतो, पण त्याची मोटर आणि सांगाडा धावत्या गाडीचा वारा अडवतात. मागे जागा नसेल तरच तो. बारा इंची पंख्याला पत्र्याचं आवरण हवं, नाहीतर तो स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे उपाशी राहतात. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा टांगण्याची एक पद्धत आहे, ती मला पाहवत नाही; हादऱ्यांनी पट्टी नळीवर घासत राहते आणि एक दिवस गळती सुरू होते. लोखंडी पट्टीचे कंस चौकटीला ठोकून घ्यावेत. आणि तारा उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरतो, म्हणजे इंजिनाची गरम हवा रेडिएटरवर फेकतो आणि समोरच्या वाऱ्याशी कुस्ती खेळतो. चाचणीला कागदाचा एक कपटा पुरतो. जाळीला पुढून लावला की चिकटून राहिला पाहिजे.

खरी मेख विजेची. असा पंखा आठ-दहा अँपिअर खातो, हेडलाइट सात-आठ. जुन्या डायनॅमोची सगळी कुवत वीस-बावीसची, आणि इंजिन मंद चालू असताना तर तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे बाड्यावरच्या गर्दीत पंखा फिरणार तो बॅटरीच्या शिलकीवर. पंख्याच्या मागोमाग अल्टरनेटर आला, रिले आला, फ्यूज आला, पाणी ब्याण्णव अंशांवर गेलं की चालू आणि सत्त्याऐंशीवर उतरलं की बंद करणारा स्विच आला. पट्टा मात्र गेला नाही. पंप आणि अल्टरनेटर त्याच्याच जिवावर. विजेचा पंखा लावला की पट्ट्याच्या कटकटीतून सुटलो असं समजणारे अर्ध्या रस्त्यात भेटतात, बॉनेट उघडून.

त्या स्विचवर काकांचा विश्वास बसेना. मी त्यांना जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीची आठवण दिली. माधवराव महाराजांच्या काळातली ती गाडी मद्याच्या सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. सुरई उचलली की आपोआप थांबायची, ठेवली की पुन्हा चालायची. शंभर वर्षांपूर्वी ग्वाल्हेरची वीज एवढी शहाणी होती, तर आमच्या रेडिएटरचा स्विच का नसावा? महाराजांचं नाव आल्यावर काकांनी विरोध मागे घेतला. अट एकच, मूळ पंखा तेल लावून माळ्यावर ठेवायचा. ती मला मान्यच होती. जे उद्या खोलून पूर्ववत करता येतं, त्याला मी भ्रष्टाचार मानत नाही. पत्रा कापणं निराळं.

पंखा बसला. किल्ली काढल्यावरही पाणी थंड होईपर्यंत तो थोडा वेळ घुरघुरतो, त्यामुळे बाजारात गाडी लावली की कोणीतरी मागून धावत येतं : ‘भाईसाब, गाड़ी चालू छोड़ आए!’ मला रिलेची तार किल्लीतून फिरवून हे बंद करता आलं असतं, पण लोकांशी बोलायला एक विषय मिळतो.

काटा आता उरवाई घाटीतही मध्यावर राहतो. परवा वर पोचल्यावर मागच्या सीटवरून घामानं निथळलेल्या काकांनी विचारलं, ‘इंजिनाची सोय झाली. आमची कधी?’ मागे एक छोटा पंखा लावायचा तर दोन-तीन अँपिअर. अल्टरनेटरला झेपेल. काकूंचं म्हणणं, लावायचाच तर दोन लावा, नाहीतर तो काकांकडेच वळलेला राहील.